'ग्रेड १ फॅटी लिव्हर' आहे म्हणाले, पण आत वण पडलाय का हे कोण सांगणार?

शेवटचा_बाक

मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली होती. खडा सापडला, ४ मिलिमीटरचा, आणि आपला आपण पडूनही गेला. पण त्याच रिपोर्टात खाली एक ओळ होती: फॅटी लिव्हर, ग्रेड १. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "हल्ली दर तिसऱ्या माणसाला असतं, वजन उतरवा." विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र जाईना. दोन वर्षांपूर्वी माझ्या आतेभावाला, दादाला, अचानक रक्ताची उलटी झाली. मधुमेह होता, पोट सुटलेलं होतं, बाकी माणूस ठणठणीत. दारूचा थेंब नाही. दवाखान्यात नेल्यावर कळलं की सिऱ्होसिस (वण पडत जाऊन यकृत निबर होणं) आहे आणि तोही जुना. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांपैकी एक फुटली होती. वाचला, पण थोडक्यात.

नंतर त्याची फाईल चाळली. सहा वर्षांत चार सोनोग्राफ्या. पहिल्या तीन 'ग्रेड २', चौथी 'ग्रेड १'. चौथीच्या वेळी आम्ही सगळे खूश झालो होतो, फरक पडतोय म्हणून. त्यानंतर दहा महिन्यांत ती उलटी.

तर प्रश्न असा: असे किती लोक असतील? त्रास काही नाही, रिपोर्ट 'बरा', आणि आत यकृत निबर होत चाललंय. हे कुणी मोजलंय का?

कोरा_कागद

वाचतोय. मीही ग्रेड १ वाला. पाच वर्षं झाली, रिपोर्ट कपाटात आहे.

दोन_फुल्या

न पिणाऱ्याला सिऱ्होसिस? मला नाही पटत. घरच्यांना सगळंच माहीत असतं असं नाही, एवढंच म्हणतो.

शेवटचा_बाक

@दोन_फुल्या, वॉर्डात पहिल्या दिवशी तीन वेगवेगळ्या लोकांनी वहिनीला बाजूला घेऊन हेच विचारलं. दादा आता कुणाला आजाराचं नावच सांगत नाही, 'पोटाचं ऑपरेशन झालं' म्हणतो. तुमच्यावर राग नाही, पण हे वाक्य किती लागतं ते लिहावंसं वाटलं.

चष्मेवाली

नऊ वर्षं यकृताच्या विभागात फायब्रोस्कॅनचं, म्हणजे यकृत किती निबर झालंय ते मोजायचं, मशीन चालवते. डॉक्टर नाही, पण रोजचं काम हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दोन_फुल्यांचं. दारू हे एक कारण. दुसरं कारण चरबी, म्हणजे लठ्ठपणा आणि मधुमेहाबरोबर येणारं फॅटी लिव्हर. तिसरं हेपटायटिस बी आणि सी हे विषाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगात बी चे २५.४ कोटी आणि सी चे ५ कोटी रुग्ण आहेत. त्यांतल्या बी वाल्यांपैकी १३ टक्क्यांना आणि सी वाल्यांपैकी ३६ टक्क्यांनाच आपल्याला आजार असल्याचं माहीत आहे. बाकीचे तुमच्याआमच्यासारखे हिंडतायत. आणि सी तर आठ-बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोकांचा पूर्ण बरा होतो! कुणी तपासतच नाही.

आता मुख्य घोळ. सोनोग्राफीतला ग्रेड हा चरबीचा असतो. वणाची असते ती स्टेज, एफ० ते एफ४, आणि एफ४ म्हणजे सिऱ्होसिस. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रेड १ वाल्याला एफ३ असू शकतो आणि ग्रेड ३ वाल्याला एफ०. साध्या सोनोग्राफीला चरबी दिसते, तीही बऱ्यापैकी साठल्यावर. सुरुवातीचा आणि मधला वण तिला दिसतच नाही. यकृताचा पृष्ठभाग खडबडीत झाला, प्लीहा वाढली, की मग दिसतं. तोवर उशीर झालेला असतो.

आणि शेवटचा_बाक, लिहावं की नाही असा विचार करत होते, पण लिहितेच. वण खूप वाढला की यकृतातली चरबी कमी होते. आमच्याकडे अशा यकृताला 'जळून गेलेलं' म्हणतात. ग्रेड २ चा १ झाला तो बहुतेक सुधारणेमुळे नसावा.

शेवटचा_बाक

हे वाचून दहा मिनिटं नुसता बसलो होतो. घरात कुणाला सांगणार नाही.

गणिताचा_तास

चष्मेवाली, उत्तम माहिती. पण मूळ प्रश्न 'किती' हा होता. आकडा?

चष्मेवाली

आकडे आहेत, पण त्याआधी ते कसे मिळतात ते सांगते, नाहीतर फसाल.

मशीन काय करतं? बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवायचा, बटण दाबलं की टिचकी मारल्यासारखा एक धक्का बसतो. ती लाट यकृतातून किती वेगाने जाते ते मोजायचं. यकृत जितकं निबर तितकी लाट वेगात. पिकलेल्या आणि कच्च्या फळावर टिचकी मारून बघता ना, तसंच. उत्तर किलोपास्कलमध्ये येतं. अशी निदान दहा मापं घेऊन मधलं धरायचं. ढोबळ मानाने ८ च्या खाली असेल तर मोठा वण नाही असं समजतात, १२ च्या वर असेल तर संशय दाट. मधलं ते मधलं.

आता रस्त्यावरच्या साध्या माणसांना, म्हणजे आजारी म्हणून न आलेल्यांना, हे मशीन लावून पाहिलेले अभ्यास:

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला ४५ च्या पुढच्या ३,०४१ लोकांना तपासलं, ५.६ टक्क्यांचं माप ८ किंवा त्याहून जास्त. स्पेनमधल्या कॅटलोनियात १८ ते ७५ वयाच्या, यकृताचा कुठलाही आजार माहीत नसलेल्या ३,०७६ लोकांत ५.८ टक्के. दोन वेगळे देश, वेगळी माणसं आणि आकडा जवळजवळ एकच. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला तर जन्मापासून नोंद ठेवलेल्या मुलांना २४ व्या वर्षी तपासलं. पाचातल्या एकाला चरबी, आणि २.७ टक्क्यांत वणाची शंका यावी इतकं माप. चोविसाव्या वर्षी!

म्हणून मला कुणी विचारलं तर मी म्हणते, मध्यम वयाच्या वीस माणसांमागे एकाचं माप संशयास्पद निघेल, आणि त्या एकाला त्याचा पत्ता नसेल.

कोरा_कागद

विसातला एक?? आमच्या ऑफिसात आम्ही साठ जण आहोत.

गणिताचा_तास

थांबा थांबा. 'माप संशयास्पद' आणि 'वण आहे' यांत अंतर आहे, आणि ते अंतर विसरलं की निम्मा धागा उद्या रांगेत उभा राहील.

समजा (आकडे माझे, फक्त हिशेबासाठी) हजार माणसांत ३० जणांना खरोखर वण आहे. तपासणी त्यांतले २५ पकडते. उरलेल्या ९७० निरोग्यांपैकी फक्त ५ टक्क्यांना चुकून 'आहे' म्हणते, म्हणजे ४८ किंवा ४९. एकूण घाबरलेले ७३-७४, त्यांतले खरे २५. म्हणजे घाबरलेल्या तिघांतले दोघे उगाच. तपासणी वाईट आहे म्हणून नव्हे. आजार विरळ असला की कुठलीही बऱ्यापैकी तपासणी असंच करते.

त्यामुळे ५.६ टक्के ही वरची मर्यादा समजा. खरा आकडा तिच्या खाली.

चष्मेवाली

हे शंभर टक्के मान्य, आणि यंत्राच्या बाजूने अजून भर घालते. जेवून आलेल्या माणसाचं माप जास्त येतं. यकृताला नुकती सूज आलेली असेल, पित्ताची वाट अडलेली असेल, हृदय कमजोर असून रक्त तुंबत असेल, तरी जास्त येतं. मी माणूस परत बोलावते, किमान तीन तास उपाशी, आणि बऱ्याच वेळा ९ चा ६.५ होतो. मोठ्या अभ्यासांत एकदाच मोजतात, हे लक्षात ठेवायचं.

पण गणितमास्तर, तुमच्या हिशेबात ३० ऐवजी १५० घाला. टाईप २ मधुमेह असलेल्या, पन्नाशीपुढच्या लोकांत तसंच होतं. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या एका अभ्यासात अशा लोकांपैकी १४ टक्क्यांत पुढच्या टप्प्याचा वण निघाला आणि जवळपास ६ टक्क्यांत थेट सिऱ्होसिस. तिथे तुमचं 'तिघांतले दोघे उगाच' उलटं होतं.

गणिताचा_तास

१५० घातले. १२५ खरे, ४२-४३ खोटे. चार घाबरलेल्यांतले तीन खरे. मुद्दा मान्य, सरसकट सगळ्यांना नको, निवडून तपासा.

नवा_कोंब

मित्रांनो, २१ दिवसांचा लिव्हर डिटॉक्स करा, माझं एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) ९० वरून ३५ आलं! पावडर हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चष्मेवाली

व्यनि करू नका. वनस्पतीजन्य 'डिटॉक्स' गोळ्या-पावडरींनीच यकृत बिघडून आलेले लोक आम्ही बघतो. आणि एसजीपीटी खाली आलं म्हणजे वण गेला असं अजिबात नाही. सिऱ्होसिस असताना एसजीपीटी नॉर्मल असणं ही रोजची गोष्ट आहे.

(संपादक मंडळ, वरचा प्रतिसाद बघता का?)

सोनसळी

चष्मेवाली ताई, मी ५८, मधुमेहाला १४ वर्षं झाली. यकृताबद्दल आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. डोळे, किडनी, पाय दरवर्षी तपासतात. लगेच मशीनकडे धावायचं का? आमच्याकडे ते जवळपास नाही.

चष्मेवाली

नाही सोनसळी, आधी कागद-पेन्सिल. एफआयबी-४ नावाचं गणित आहे, २००६ सालचं. नेहमीच्या रक्ततपासणीतले तीन आकडे आणि वय, बास.

वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेटने (हजारांत), आणि मग एसजीपीटीच्या वर्गमुळाने.

१.३ च्या खाली आलं तर बहुतेक काळजी नाही, दोनतीन वर्षांनी पुन्हा काढा. २.६७ च्या वर तर तज्ज्ञाकडे. मधे आलं तर मशीन. ६५ च्या पुढे खालची रेघ १.३ ऐवजी २ धरतात, आणि ३५ च्या आतल्यांनी याच्या नादी लागू नये, तिथे ते चुकतं. अमेरिकेतल्या मधुमेहाच्या संघटनेने टाईप २ च्या रुग्णांसाठी हेच सुचवलंय.

सोनसळी

एसजीओटी ४२, एसजीपीटी ३८, प्लेटलेट १,६२,०००. माझं उत्तर ०.००२४ येतंय. म्हणजे यकृत नवं कोरं?

गणिताचा_तास

हजारांत, हजारांत! १,६२,००० नाही, १६२ घ्या. ५८ गुणिले ४२ झाले २,४३६. ३८ चं वर्गमूळ ६.१६. १६२ गुणिले ६.१६ म्हणजे ९९८. भागाकार २.४४.

सोनसळी

अरे देवा.

चष्मेवाली

देवाला लगेच नको. मधल्या पट्ट्यात आहात. हे गणित 'वण नाही' हे सांगायला चांगलं, 'आहे' हे सांगायला तितकंसं नाही. वय वाढलं की आकडा आपोआप फुगतो, कारण वय वरच बसलंय. मशीनवाल्या गावी एक चक्कर मारा, एवढंच. आणि तीन तास उपाशी जा.

कोरा_कागद

मी २७. माझं ०.४ आलं. पण ३५ च्या आत चालत नाही म्हणता. मग मी काय करू?

चष्मेवाली

पाच वर्षांपूर्वीचा तो कपाटातला रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, वजन-साखर-चरबी बघा, एकदा हेपटायटिस बी आणि सी बघा. आयुष्यात एकदा तरी ही दोन नावं रक्तात तपासलेली असावीत, वय कुठलंही असो.

उन्हाळी_पाऊस

उशिरा आलो. एक कळत नाही, इतकं होतं तरी दुखत कसं नाही? दाढ किडली तर माणूस रात्रभर जागा असतो.

चष्मेवाली

कारण यकृताच्या गाभ्यात दुखण्याच्या नसाच नाहीत. वेदना कळते ती वरच्या पातळ वेष्टनाला, तेही यकृत फुगून ते ताणलं गेलं तर. वण पडताना यकृत फुगायचं सोडून पुढे आक्रसतं.

वण घालणाऱ्या पेशीची गोष्ट मला फार आवडते. १८७६ मध्ये कुप्फर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने यकृतात ताऱ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या. एरवी त्या शांतपणे जीवनसत्त्व 'अ' साठवत बसतात. यकृताला वारंवार इजा होत राहिली, चरबीने म्हणा, विषाणूने म्हणा, दारूने म्हणा, की त्या साठा टाकून देतात आणि कोलॅजनचे धागे विणायला लागतात. जखम बुजवायला. हेतू चांगलाच, पण इजा थांबत नाही म्हणून विणकामही थांबत नाही. फॅटी लिव्हरमध्ये हे फार संथ चालतं: नुसती चरबी असेल तर एक स्टेज चढायला सरासरी १४ वर्षं, सूजही असेल तर ७. सरासरी म्हणतेय, काही लोक भराभर चढतात आणि ते आधी ओळखू येत नाहीत.

म्हणूनच 'न कळलेले' इतके जास्त. तक्रार घेऊन यायला दहा-वीस वर्षं काही तक्रारच नसते.

दोन_फुल्या

मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. शेवटचा_बाक, माफ करा. एक विचारतो, थोडी घेणाऱ्या आणि वजनही असलेल्या माणसाचं काय? मित्रासाठी विचारतोय.

चष्मेवाली

मित्राला सांगा की दोन्ही मिळून बेरीज होत नाही, गुणाकार होतो. २०२३ मध्ये या आजारांची नावं बदलली तेव्हा अशा लोकांसाठी वेगळं खातंच केलं. त्याआधी 'दारूवाले' आणि 'बिनदारूवाले' असे दोनच कप्पे होते आणि मधले लोक डॉक्टरांशी खोटं बोलून सोयीच्या कप्प्यात बसायचे. मित्राला गणित करायला लावा.

शेवटचा_बाक

मी काल रात्री माझं काढलं. वय ४६, एसजीओटी २९, एसजीपीटी ४१, प्लेटलेट २,४८,०००. उत्तर ०.८४. सुटलो म्हणायचं.

मग दादाची फाईल पुन्हा काढली. उलटीच्या तीन वर्षं आधीचा एक रिपोर्ट, तापासाठी केलेला. वय ५१, एसजीओटी ४८, एसजीपीटी ४०, प्लेटलेट १,३१,०००. उत्तर २.९५.

त्या रिपोर्टात प्लेटलेटच्या पुढे 'कमी' अशी खूण छापलेली आहे, आणि डॉक्टरांनी पेनाने गोलही केलाय. तापात उतरतात म्हणाले होते. ताप गेल्यावर पुन्हा मोजल्या नाहीत. त्याआधीचा रिपोर्ट १,६४,०००, त्याच्याआधी २,१०,०००. तिन्ही कागद एकाखाली एक ठेवले तर उतरंड दिसते. पण ते तीन वेगवेगळ्या पिशव्यांत होते, तीन वेगवेगळ्या लॅबचे, आणि एकत्र कुणीच ठेवले नाहीत. मी धरून.

चष्मेवाली

स्वतःला नका लावून घेऊ. वणामुळे यकृतातून रक्त सहज जात नाही, मागे दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट त्यात अडकतात. माहीत असलेल्याला ती उतरंड ओरडून सांगते. पण एकेक रिपोर्ट सुटा बघितला तर तापाचं कारण अगदी पटण्यासारखं असतं.

दादांचं आता काय चाललंय?

शेवटचा_बाक

शिरांना रबर बँड लावलेत, एक गोळी चालू आहे, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कर्करोगावर नजर ठेवायला. तब्येत बरी आहे. वजन ११ किलो उतरवलंय. त्याचा उपयोग होतो का आता?

चष्मेवाली

होतो. क्यूबामध्ये २९३ लोकांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवून आधी-नंतर बायोप्सी (यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणी) केल्या होत्या. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यापैकी ४५ टक्क्यांचा वण मागे हटला. पण ते लोक सिऱ्होसिसच्या अलीकडचे होते, हे खरं सांगते. तिथेही १० टक्के गाठणारे मोजकेच. औषधांत २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत रेसमेटिरोमला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सेमाग्लुटाइडला मान्यता मिळाली, दोन्ही एफ२-एफ३ साठी, सिऱ्होसिससाठी नाहीत. म्हणूनच आधी सापडण्याला एवढा अर्थ आहे. सापडून करणार काय, हा आक्षेप पूर्वी खरा होता.

दादांना सख्खी भावंडं आहेत का? अशा सिऱ्होसिसवाल्यांच्या सख्ख्या नातेवाइकांत मोठ्या वणाची शक्यता साधारण बारा पट निघाली होती.

शेवटचा_बाक

एक धाकटी बहीण. ४९. मधुमेह आहे. उद्याच बोलतो.

सोनसळी

जाऊन आले! पहिलं माप ११.८. पाय गळाले. मग तिथल्या मुलीने विचारलं, काही खाल्लंय का? दीड तासापूर्वी पोटभर खाल्लं होतं, प्रवासात विसरले. तिने बसवून ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा केलं. ९.१.

डॉक्टर म्हणाले मधलं आहे, थोडा वण असावा, सिऱ्होसिस नाही. वजन, साखर, आणि वर्षाने पुन्हा. मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "बरं झालं केलंत, बाकीच्यांचंही गणित काढायला हवं." चौदा वर्षांनी.

गणिताचा_तास

९.१ ऐकून आनंद व्हावा असा हा पहिलाच धागा असेल.

शेवटचा_बाक

ताईशी बोललो. आधी 'मला काही होत नाहीये' झालं, मग दादानेच फोन घेऊन तिला सगळं सांगितलं, आजाराच्या नावासकट. मी त्याच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं. तिचा एफआयबी-४ १.७ आलाय. गुरुवारची वेळ मिळाली आहे. आत्ता तिचा निरोप आला: तीन तास काही खायचं नाही हे कळलं, पाणी चालतं का? चष्मेवाली?

चष्मेवाली

घोट-दोन घोट चालेल. चहा नको म्हणावं, आणि सैल कपडे घालून जा.